पापडावरचं ओलं धोतर

(झरी. ज्वारीच्या पापडांचा छोटा कारखाना. सुकवायच्या यंत्रापुढं तिघी उभ्या : कारखाना चालवणारी बबिता, तिची सासू चांगुणाबाई आणि परभणीच्या विद्यापीठातल्या श्रद्धा मॅडम.)

बबिता : उघडू का, आत्या?

चांगुणाबाई : थांब की. मॅडमनी सांगितलं तितकं होऊ दे.

बबिता : दुकानदार म्हणाला, दोनदा फुटके पापड घेतले, तिसऱ्यांदा फुटले तर दुसरीकडून घेतो. अकरा बायकांचं काम बसंल.

चांगुणाबाई : गच्चीवर वाळू दे म्हणले हुते मी. तुला यंत्र पायजे. पावसाळ्यातबी वाळतील म्हणे. वाळले कुठं, तडकले.

श्रद्धा : यंत्राची चूक नव्हती, चांगुणाबाई. यंत्रासाठी मी लिहून दिलेल्या कृतीच्या कागदाची होती. भिजवणं, वाटणं, शिजवणं, तुम्ही सांगितलेलं सगळं लिहिलं. दुपारचं धोतर राहिलं.

चांगुणाबाई : ते काय सांगायचं काम हाय? ऊन तापलं की पापडाच्या वर ओलं धोतर ताणायचं अन् जेवायला बसायचं. कडा दमानं वाळतात. येडीलाबी कळतं.

श्रद्धा : मला नव्हतं कळलं.

बबिता : म्हणून तर मंगळवारी दिवसभर तुमच्याजवळ गच्चीवर बसल्या. खुर्ची दिली तर नको म्हणल्या.

चांगुणाबाई : पाह्यलं मी. एवढी शिकलेली बाई, मांडी घालून बसली, घडीघडी धोतराची ओल बघायली, वहीत लिवायली. आमच्या मास्तरला शंका इचारली तर छडी काढायचा. ही मलाच इचारायली. लय मोठ्या मनाची हाय. पण तोंडावर न्हाई सांगायची मी.

श्रद्धा : सांगितलंत की.

चांगुणाबाई : सुनेला सांगायले.

बबिता : झाली वेळ. मॅडम, तुमी उघडा.

श्रद्धा : तुमचा कारखाना आहे. तुम्हीच.

बबिता : ...आख्खे हाईत. आत्या, खालच्या जाळीवरचेबी. एक तडकला न्हाई.

चांगुणाबाई : दाव. हं. कड बरी हाय.

श्रद्धा : दोन तास आत ओलं कापड आणि आच कमी. ही पायरी आता विद्यापीठाच्या कागदात जाईल, दुसऱ्या कारखान्यांनाही देऊ. पुढं तुमचं नाव घालते.

चांगुणाबाई : माझं नको. सरजाबाई लिवा. माझी सासू.

बबिता : तुमचं तर त्यांच्याशी कधी पटलं न्हाई म्हणतात.

चांगुणाबाई : न्हाईच पटलं. धोतर ताणायला तिनं शिकवलं, अन् मी तिला एकदाबी बरं म्हणले न्हाई. लिवा.