हवेतली स्थळं

जळगाव स्टँडवर धुळ्याच्या बसची वाट पाहत मनन आणि जितेंद्र जुन्या-नव्या काळातले बास्केटबॉलपटू निवडून आपापला संघ रचत होते. शेजारी बसलेल्या कुंदाबाईंच्या मनात मात्र फक्त उंची भरली. पाच फूट अकरा इंचांच्या लेकीसाठी, चारुलतासाठी, स्थळं शोधून शोधून त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

“माझा पहिला जॉर्डन. सहा फूट सहा!” मनन म्हणाला.

“तो सदा हवेत,” जितेंद्र म्हणाला.

“पाय जमिनीवर नसतात, म्हणूनच घेतला.”

“माझा मॅजिक सहा फूट नऊ. बघतो एकीकडे आणि देतो भलतीकडेच!”

“अगं बाई!” कुंदाबाई पुटपुटल्या.

“मी विल्टपण घेतला. सात फूट एक,” मनन म्हणाला.

“अरे, तो वारला ना?”

“वारला तरी मला चालतो.”

आता कुंदाबाईंना राहवेना. “भाऊ, यास्मा एक तरी धड शे का? जित्ता, बिनलगनना?”

“अक्का, हे खेळाडू आहेत. आम्ही नुसते मनातल्या मनात निवडतोय,” जितेंद्र हसला.

“तेच तर मी बी करस.” त्यांनी त्याला न्याहाळलं. “बेटा, तू जरा उभा व्हय बरं.”

जितेंद्र उठला, आणि उठतच गेला.