टाकीपुढचे साहेब

(पाण्याच्या उंच टाकीसमोरचं मोकळं मैदान. सकाळ. सूर्य टाकीमागे.)

साहेब : लक्षात ठेवा, माणूस निघून जातो, त्याने बांधलेलं मागे उरतं.

फोटोवाला : उरलंय साहेब. टाकी झकास आलीय. तुम्हीच गेलायत. हे बघा.

साहेब : हा कोळसा कोण?

पत्नी : कान तुमचेच आहेत.

फोटोवाला : ऊन मागून येतंय, आभाळ लखलखतंय. आभाळ सांभाळलं की तुमचं तोंड काळं. तोंड सांभाळलं की आभाळ पांढरंफटक, आणि टाकीही पांढरी, ती त्यात विरघळते. त्यापेक्षा पलीकडून काढू. ऊन सरळ तोंडावर येईल.

साहेब : पलीकडून नको.

फोटोवाला : दोन मिनिटांचं काम आहे.

पत्नी : पलीकडे शेवाळ आहे हो. वरपासून खालपर्यंत.

साहेब : शेवाळ नाही, थोडी ओल आहे.

पत्नी : अकरा वर्षं थोडी ओल आहे. पहिलं पाणी चढवलं त्या दिवसापासून.

साहेब : हे बघ, उद्या मी निवृत्त होतोय. ऑफिसच्या भिंतीवर माझ्याआधीचे चौघे टांगलेत, प्रत्येक जण आपापल्या कामापुढे. एकामागे पूल, एकामागे धरण. माझ्यामागे एवढं एकच आहे.

पत्नी : आणि मी?

साहेब : तू फोटोत नाहीयेस.

फोटोवाला : बरं, मग असं करू. उजेड आभाळाच्या बेताने ठेवतो आणि तुमच्या तोंडावर फ्लॅश मारतो. हलू नका. वा! आभाळ निळं, टाकी ठसठशीत, आणि तुम्ही माणसात आलात.

साहेब : बघू. हे टाकीखाली काय चमकतंय?

फोटोवाला : ती तर खरी मजा. मोत्यांच्या माळा सोडल्यासारखं दिसतंय ना?

साहेब : कसल्या माळा?

फोटोवाला : थेंब, साहेब. मागून ऊन असलं की थेंब न् थेंब पेटतो. एरवी लक्षातही आलं नसतं.

पत्नी : पलीकडून नुसता डाग आला असता.

साहेब : पुसून टाका ते.

फोटोवाला : एकेक थेंब पुसायला चार दिवस जातील. तुम्हाला तर उद्याच टांगायचंय.

साहेब : मघाशी काय म्हणालात? तोंड सांभाळलं की?

फोटोवाला : की बाकी सगळं पांढरं.

साहेब : थेंबसुद्धा?

फोटोवाला : थेंबसुद्धा. टाकीसुद्धा.

साहेब : तसा काढा.

पत्नी : अहो, या टाकीसाठी पहाटे उठवलंत मला.

साहेब : काढा म्हणतोय ना.

फोटोवाला : जरा हसा. आणखी थोडं. राहू द्या, आधीचंच बरं होतं. झालं. चेहरा असा स्वच्छ आलाय की सुरकुत्या मोजून घ्या.

साहेब : आणि मागे?

फोटोवाला : मागे काही नाही.

पत्नी : छान दिसताय पण.

फोटोवाला : राग मानू नका साहेब, पण असाच हवा होता तर दुकानात यायचं. पांढरा पडदा आहे तिथे.