मावशींनी दिलेली साक्ष

हॅलो?… अगं हो, मीच. आत्ताच दार उघडलंय, चपलासुद्धा पायातच आहेत… नाही, नाही काढलं कामावरून! रडतेस काय वेडे? नोकरी आहे. उद्या सकाळच्या पाळीला बोलावलंय.

सांगते, सगळं सांगते… तू मध्ये बोलू नकोस फक्त.

चौकशी अकराला होती… छे गं, कोर्टासारखं कसलं! एक लांब टेबल, चार खुर्च्या. चौकशी अधिकारी बाई दुसऱ्या विभागातल्या होत्या. म्हणजे आरोप करणाऱ्यानंच निकाल द्यायचा, असं नसतं.

एकटी कशी? स्टोअरकीपर काका होते ना सोबत. नोटिशीतच लिहिलं होतं, सहकाऱ्याला आणता येईल म्हणून. मी कुठली वाचतेय! 'कारणे दाखवा' एवढं वाचलं आणि नोटीस घडी घालून ठेवून दिली. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता… हो, तुला नाही सांगितलं. बोलणी खाल्ली असती तुझी. काकांनीच तो फाडला. म्हणाले, "ही शिक्षा नाही गं, विचारलंय तुला. सात दिवस दिलेत, उत्तर लिही."

आरोप तोच… हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतलं इस्त्रीचं मशीन चालू ठेवून मी गेले. चादरी करपल्या, धूर झाला. सुपरवायझरनं लिहिलं, 'गप्पा मारण्यासाठी जागा सोडली.'

अगं, ऐक ना! खरं कारण मी उत्तरात लिहिलंच नव्हतं. घड्या घालणाऱ्या मावशी आहेत ना, त्या मागच्या खोलीत चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांना उचलायला धावले मी. शुद्धीवर आल्या आल्या हात धरून म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस, मला घरी बसवतील." शब्द दिला होता गं… काय लिहिणार? 'तातडीचं काम होतं' एवढंच लिहिलं.

हो, मूर्खच आहे मी. पुढे ऐक.

सुपरवायझरला प्रश्न विचारायची मुभा होती मला. काकांनी पाण्याचा ग्लास सरकवला. मग मी विचारलं, "तुम्ही मला गप्पा मारताना पाहिलंत?" म्हणाले, "मला कळलं." "कुणाकडून?"… कागद चाळत बसले.

बाई म्हणाल्या, "पण तुम्ही गेला होतात कुठे?" काका माझ्याकडे बघतायत, मी टेबलाकडे… आणि दार उघडून मावशी आत!

नाही गं, मी नव्हतं बोलावलं! शपथ! कुणाकडून तरी कळलं त्यांना. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ही माझ्यासाठी धावली. मी पडले होते. लिहून घ्या."

मग आम्हाला तासभर बाहेर बसवलं… मुख्य आरोप सिद्ध झाला नाही, असं बाई म्हणाल्या. पण लेखी ताकीद आहे. जाताना लाल बटण दाबून मशीन बंद करायला हवं होतं मी… अपील करता येतं, पंधरा दिवस आहेत. नाही करणार. हाताशी होतं गं बटण. धूर वॉर्डात गेला असता तर? बरोबरच आहे ते.

मावशींना? नाही काढत! डॉक्टरांकडे तपासणी, आणि तोवर बसून करायचं काम. बाईंनी तिथेच लिहून घेतलं. शिवाय मशीनवर आता दोघी असणार.

पण मावशी माझ्याशी न बोलताच निघून गेल्या. वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटतं, माझ्यामुळे त्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागलं म्हणून…

थांब हं, बेल वाजली… कोण असेल या वेळी?

अगं… मावशी!

ठेवते गं, ठेवते. नंतर बोलू. या ना मावशी, आत या… तीन मजले एका दमात चढलात? अहो, रडताय कशाला? माफी कसली मागताय? आधी बसा बघू.