गाडी वळंना

नाथाजी: आणि बाभळीनं काय केलं म्हणालास?

आकाराम: बाभळ काय करणार मामा? ती जाग्यावरच हुती. मीच गेलो तिच्यात.

नाथाजी: बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, बाभळ चालत रस्त्यात आली. वळण उजवीकडं, बाभळ डावीकडं. तू बाभळ निवडलीस. तासगावातलं गॅरेज बंद ठेवून दसऱ्यापासनं तुला शिकवतोय, त्याचं चीज झालं.

आकाराम: मी न्हाई निवडली. गाडी वळंना. हँडल दाबतोय, अंग झुकवतोय, आन ती आपली तोंड वर करून सरळ चाललीया. लग्नात मानपान चुकलेल्या पावण्यागत.

नाथाजी: तोंड वर करून? नीट सांग. मागनं बसतीया का?

आकाराम: पार बसतीया. जरा खड्डा आला की बुडाखाली ठण्णदिशी वाजतंय.

नाथाजी: म्हंजे स्प्रिंग तळाला टेकतीया. दसऱ्याला मी लावली तवा टेकत नव्हती. मग मधी काय झालं? माळाचे खड्डे वाढले, का धरणी जरा जास्त ओढाय लागली?

आकाराम: मला काय म्हाईत? मी काय मेकॅनिक हाय?

नाथाजी: न्हाईस. तू रेसर हायस. शोलावरमच्या मोटरसायकल शर्यतीला मद्रासची पोरं चामड्याचे कपडे घालून येत्यात. आमचा रेसर चड्डीवर बसून काटं काढतोय.

बनुबाई: काटं मी काढतीया. तो नुसता बसलाय. आकाराम, हलू नगंस. सुई आत गेली तर आईच्या नावानं वरडशील.

आकाराम: आई, हळू की.

बनुबाई: हळूच चाललंय. आन नाथा, तू त्याला लय बोलू नगंस. धाकटा भाऊ हायस म्हणून ऐकून घेतीया. गाडी तू लावलीस. तो फकस्त तिच्यावर बसला.

नाथाजी: आक्का, उद्या सांजच्याला मिरजेतनं रेल्वे हाय. ही जावा मोटरसायकल पार्सलच्या डब्यात टाकायची, बेंगलोरला उतरवायची, दुसऱ्या रेल्वेत चढवायची आन मद्रास गाठायचं. आज गाडी वळली तर हे सगळं. न्हाई वळली तर तिकिटं परत. असल्या गाडीवर मी ह्याला सोडणार न्हाई.

बनुबाई: मग देव पावला. ऱ्हावा घरी.

आकाराम: आई...

बनुबाई: आई काय? ऊस तोडणीला आलाय. बैलगाडी हाय की, ती हाक. ती वळती.

आकाराम: मामा, तुमी स्प्रिंगा बदला. मेल्या असतील.

नाथाजी: मेल्या असत्या तर मी सुतक पाळलं असतं. दोनदा खोलल्या, धुतल्या, मोकळ्या मोजल्या. नव्या असताना जेवढ्या हुत्या तेवढ्याच हायत. फौजेत मोटरसायकलवरनं टपाल पोचवणारा डिस्पॅच रायडर हुतो, लंगडा झाल्यावर वर्कशॉपात हात काळं केलं. एवढं करून आता दोनच गोष्टी उरल्यात. एक तर मला ह्यातलं येत न्हाई, न्हाईतर स्प्रिंगला माझा राग आलाय. कालपासनं मला पहिलीच खरी वाटाय लागलीया. रातभर डोळ्याला डोळा न्हाई.

बनुबाई: घोरत मातूर लय मन लावून हुतास.

नाथाजी: चला, पुन्यांदा मोजू. पहिल्यापासनं. आकाराम, बस गाडीवर. आक्का, तूबी ये हिकडं.

बनुबाई: मी काय करू तिथं येऊन?

नाथाजी: ह्या मापाला तिघं लागत्यात. एकानं बसायचं, एकानं हँडल धरून गाडी सरळ उभी ठिवायची, एकानं मोजायचं. दसऱ्याला तुमचा गडी कोंडीबा हुता, आज त्यो उसाच्या फडात गेलाय. ही काठी घे. खाली मागच्या चाकाच्या आसाला टेकव. वर मडगार्डावर खडूची खूण हाय. रिकाम्या गाडीला ती खूण काठीच्या टोकाशी येती. माणूस बसला की किती बोटं खाली उतरती, तेवढं बघ. दोन बोटं उतराय पायजे. जास्ती उतरली तर गाडी मऊ, उतरलीच न्हाई तर दगड.

आकाराम: पाय वर घेतलं, मामा.

नाथाजी: वाकून बस. शर्यतीत बसतोस तसं. पंगतीत बसल्यागत नगं. आक्का, किती?

बनुबाई: पाच.

नाथाजी: नीट बघ. तुझी बोटं बारीक असतील.

बनुबाई: रोज शेण काढणारीची बोटं बारीक असत्यात व्हय? पाच म्हंजे पाच.

नाथाजी: दसऱ्याला दोन हुती. हीच काठी, हीच गाडी, हीच स्प्रिंग. मग बदललं काय? आकाराम, खाली उतर. अंगरखा काढ.

आकाराम: कशाला?

नाथाजी: काढ म्हणतोय. हे काय हाय?

आकाराम: पोट.

नाथाजी: ते मलाबी दिसतंय. कुणाचं हाय?

आकाराम: माझंच की. तयारी केली, मामा.

नाथाजी: कसली?

आकाराम: शर्यतीची. खुराक चालू केला. पहाटं बदाम वाटून दूध, मग तूप, अंडी, सांजच्याला रस्सा. मैदान मारायचं म्हंजे खुराक लागतोच की. तालमीतल्या पोरांनीच सांगितलं. समद्या गावानं हातभार लावला. भामाबाई रोज म्हशीचं दूध धाडती. हंबीररावांनी बोकड दिलं.

नाथाजी: वा. म्हंजे मी गाडीचा एक एक पत्रा कापतोय, बॅटरी काढतोय, स्टँड काढतोय, गाडी हलकी व्हावी म्हणून जीव टाकतोय. आन हितं अख्खं गाव मिळून रेसर जड करतंय. मी काढलं त्याच्या दुप्पट तुमी वर चढवलं. कुणाशी कुस्ती धरलीया तुझी मद्रासला? सायलेन्सरशी?

आकाराम: मला वाटलं, ताकद लागंल.

नाथाजी: गाडीला ताकद इंजिनातनं येती. हंबीररावाच्या बोकडातनं न्हाई. आन हे मला सांगावं असं कुणालाच वाटलं न्हाई? मी त्या स्प्रिंगांशी भांडतोय रोज. उगाच शिव्या घातल्या त्यांना.

आकाराम: आईनं सांगू नगं म्हणलं.

नाथाजी: आक्का?

बनुबाई: सुई कुठं पडली बघतीया.

नाथाजी: सुई तुझ्या पदराला टोचलेली हाय. मला का सांगायचं न्हाई?

बनुबाई: तू नगं म्हणला असतास.

नाथाजी: म्हणालोच असतो. तुलाबी वाटलं व्हय, मोटरसायकल ताकदीनं पळती?

बनुबाई: ताकदीचं काय घिऊन बसलास? ते तालमीतली पोरं म्हणत्यात. मी त्याला जड केला. मुद्दाम केला.

नाथाजी: मुद्दाम?

बनुबाई: तू पडलास तवा मला काय म्हणला हुतास? पुण्याच्या फौजी दवाखान्यात, पाय वर टांगलेला. मी इचारलं, कसं झालं रं. तू म्हणलास, आक्का, अंगावर मास न्हाई, वाऱ्यानं कागदागत उडवला मला. पोटभर घातलं असतंस तर बसून ऱ्हायलो असतो. आठवतंय का?

नाथाजी: ती थट्टा हुती, आक्का.

बनुबाई: असंल. तू हसत हुतास. मी हसले न्हवते. आय गेल्यावर तू माझ्याच हाताखाली वाढलास. मला वाटलं, मीच कमी घातलं तुला. घरी आले आन कितीतरी दिस घास घशाखाली उतरला न्हाई. मग ह्यो गाडीवर बसाय लागला. नगं म्हणून ऐकतोय व्हय? आन शिकवाय मामाच बसल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? म्हणलं, जायचंच हाय तर जड करून धाडू. उडायचा न्हाई.

आकाराम: हे मला कधी बोलली न्हाईस.

बनुबाई: बोलले असते तर तू खाल्लं नसतंस.

आकाराम: खाल्लं असतं.

नाथाजी: त्यात मला शंका न्हाई. आक्का, हिकडं बघ. मी हलका हुतो म्हणून उडालो न्हाई. घाटात रस्ता खचला हुता. चाक उसळलं आन भुईवर परत आलंच न्हाई. माणूस जड असू दे न्हाईतर हलका, चाकानं भुई सोडली की तो जातोच. ह्या स्प्रिंगा त्यासाठीच असत्यात, चाक भुईला धरून ठिवाय. पर वर किती वजन बसणार, तेवढं धरून त्या लावाव्या लागत्यात. न्हाईतर मागनं गाडी खाली बसती, पुढचं चाक हलकं व्हतं. आन हलकं चाक वळत न्हाई.

बनुबाई: म्हंजे मी जेवढं घातलं, तेवढं त्याचं पुढचं चाक उचललं.

नाथाजी: आता ते...

बनुबाई: व्हय का न्हाई, तेवढं सांग.

नाथाजी: व्हय.

बनुबाई: म्हंजे बाभळीत त्याला मीच घातला.

आकाराम: आई, काटंच तर लागलं. शोलावरमला बाभळी नसत्यात.

नाथाजी: न्हाईत. तिथं पत्र्याची पिंपं असत्यात. तू गप बस.

बनुबाई: मग आता? उपाशी ठिवू उद्यापतोर?

नाथाजी: एका दिसात बोकड बाहेर येत न्हाई. माझ्या खोक्यात जाड तारेच्या स्प्रिंगा हायत. तवा ह्याला कडक व्हतील म्हणून बाजूला टाकल्या हुत्या. त्या घालू. पुढं जरा दाट तेल भरू आन मोजू. आकाराम, पानं-पकड आण. चालत जा, तेवढंच जिरंल.

(स्प्रिंगा बदलून झाल्या आहेत. आकाराम पुन्हा गाडीवर, नाथाजीने हँडल धरलंय.)

नाथाजी: किती?

बनुबाई: दोन. थांब. दोनाला जरा जास्ती.

नाथाजी: तेवढं चालतंय.

बनुबाई: खरंच चालतंय, का मला बरं वाटावं म्हणून?

नाथाजी: थांब, अजून जरा आवळतो. आता बघ.

बनुबाई: आता दोन.

आकाराम: मारू का फेरी?

नाथाजी: जा. पहिली हळू. आन बाभळीकडं बघू नगंस. तिला तुझी सवय लागलीया.

बनुबाई: गेला व्हय? मी बघत न्हाई. तूच सांग.

नाथाजी: सरळ चाललाय. अजून सरळ. वळण आलं.

बनुबाई: नाथा.

नाथाजी: वळला. बाभळीला रामरामबी केला न्हाई. परत वळतोय बघ. आता बघितलंस तरी चालंल.

बनुबाई: लय जोरात न्हाई का चाललाय?

नाथाजी: हे हळू हाय, आक्का. ऐक, तू नगं म्हणलीस तर न्हाई न्यायचा मी त्याला. हे दसऱ्यालाच इचाराय पायजे हुतं. इचारलं न्हाई. भ्यालो तुला.

बनुबाई: मी नगं म्हणलं तर त्यो ऱ्हाईल. पर मग माझ्याशी बोलायचा न्हाई. शर्यत कवा हाय?

नाथाजी: पुढल्या ऐतवारी. त्याआधी तिथं सराव.

बनुबाई: तवर तिथं खायाला काय मिळतं?

नाथाजी: भात. सांबार. केळीच्या पानावर वाढत्यात. कोण मरत न्हाई.

बनुबाई: ह्याला भात अंगी लागत न्हाई. हप्ताभर भातावर ठिवलास तर निम्मा व्हईल. मग ह्या स्प्रिंगा त्याला कडक व्हतील का न्हाई?

नाथाजी: व्हतील की.

बनुबाई: कडक झाल्या तर चाक उसळंल.

नाथाजी: उसळंल.

आकाराम: मामा, वळतीया. जिकडं म्हणंल तिकडं वळतीया. आई, काय झालं? अशी का बघतीस?

बनुबाई: काय न्हाई. नाथा, त्या पार्सलच्या डब्यात गाडीसंगं माझा भाकरीचा तवा घेत्यात, का त्यो मी मांडीवर धरून बसायचा?