गुणगुणणारं घड्याळ

आमी मूळचं नेसरीचं. आब्बांनी मंगळवार पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यांच्यामागं त्याच खुर्चीत मी बसलो. काय सांगू तुम्हाला पावणं, घड्याळ म्हटलं की टिकटिक, पर क्वार्ट्झ यायच्या आधी सेलवरचं एक घड्याळ आलतं, त्ये टिकटिक करायचंच न्हाय, भुंग्यागत गुणगुणायचं. आत बारका चिमटा थरथरतो आणि त्याच्यावर काटं फिरत्यात.

तसलं घड्याळ आमच्या गल्लीत एकट्या आप्पा पैलवानांकडं. त्यांच्या वस्तादानं जाताना स्वतःच्या हातानं त्यांच्या मनगटावर बांधलेलं. आता पैलवानाचं कान तुम्हाला ठावं हायत, कुस्तीत मोडून भज्यागत झालेलं, त्यात वयानं बहिरं. मग आप्पा घड्याळ दातात धरायचं. हाडातनं गुणगुण डोक्यात जाती म्हणायचं, वस्ताद बोलतोय बघ.

गेल्या वर्षी त्ये बंद पडलं. एवढा आडदांड गडी, माझ्यापुढं बसून रडला. म्हणालं शब्बीर, ह्ये बंद म्हंजे माझा वस्ताद दुसऱ्यांदा गेला की रं. मी मागचं झाकण उघडून बघितलं. मशीन धड हाय, सेल संपलेला, आणि तसला सेल आता मिळतच न्हाय. आत्ताचा घातला तर त्याचा जोर जास्त, घड्याळ उधळलं. त्याच्यावर भरवसा ठेवून आप्पा कोडोलीला भाच्याच्या लग्नाला गेलतं, तर आचारी अजून चूल पेटवत हुता.

मग एक दिवस काकी, म्हंजे आप्पांची मालकीण, तणतणत दुकानात आल्या. ह्यांचं कानाचं मशीन बघा, पोरानं एवढं आणलंय, घालतच न्हाईत, मी वरडून वरडून मरती. मी मशीन उघडलं, आतला सेल बघितला आणि माझी ट्यूब पेटली. त्याचा जोर कमी, जुन्या सेलाच्या जवळपास. बारका पडत हुता म्हणून खाली चकती सारून घड्याळात बसवला. आप्पांनी दातात धरलं, डोळं मिटलं, आणि हसाय लागलं. काकी म्हणाल्या, झालं, घड्याळाला ऐकू यायला लागलं, ह्यास्नी न्हाय.

पर त्यो सेल लई दिवस टिकत न्हाय, आणि नवा पुडा काकीच आणत्यात. त्यांनी सरळ सांगून टाकलंय, आदी कानात, मग घड्याळात, कान रिकामा दिसला की घड्याळ कपाटात. आता आप्पा सगळ्या गल्लीला सांगत फिरत्यात, वस्तादाचं ऐकायचं आसंल तर आदी बायकोचं ऐकावं लागतंय. अल्ला त्या जोडीला उदंड आयुष्य देवो.