मेलेल्या सासऱ्याचा पत्ता

जिवंत माणसं फितूर होतात हे मी समजू शकते हो, पण मेलेला सासरा? तुम्हाला सांगते, लग्न होऊन चीनच्या या श्यामेन बंदरात आले तेव्हापासून म्हाताऱ्याची कबर कोण झाडतंय? मी! पितरांचा दिवस आला की टेकडी चढा, गवत उपटा, रंगीत कागद दगडाखाली दाबा, कालवं घालून पातळ पोळीच्या गुंडाळ्या मांडा... वर कागदाचा बंगला, कागदाचा फ्रीज, पुडक्यावर नाव-गाव लिहून जाळायचं, म्हणजे ज्याचं त्याला वर पोचतं! कधी स्वप्नात येऊन म्हणाला, 'सूनबाई, फ्रीज छान गार करतो'? नाव नको! फितूर हो, घरचेच फितूर!

यंदा मनिलाहून धाकटे दीर उगवले, बेनी भावजी. पांढरी पँट, कबरीपाशी बसायला खाली रुमाल! माझं पुडकं बघून म्हणतात, "वहिनी, हे नाही चालायचं. बाबा वारले गोऱ्यांच्या जहाजावर, आचारी होते तिथे. जहाजाच्या दप्तरात आपल्या श्यामेनचं नाव काय? अमॉय! यमाच्या कचेरीतही तेच उतरवलं असणार." आणि स्वतःच्या पुडक्यावर इंग्रजीत ऐटीत अमॉय! मी म्हटलं, "भावजी, आपल्या अक्षरांत गाव पिढ्यान् पिढ्या तेच आहे, बदललं ते गोऱ्यांचं लिहिणं! ते जुनं अमॉय आता त्यांनीसुद्धा टाकलं. आणि मामंजींना त्यांचं एक अक्षर तरी येत होतं का?" तर आमचे हे... "लिहू दे गं, लांबून आलाय." लांबून आलाय! म्हणजे मी जवळ राहिले हा गुन्हा? फितूर, घरचेच फितूर!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेच्या वाडग्यापुढे सासूबाई हसतायत, रडतायत. "स्वप्नात आले होते गं! धाकट्यानं पाठवलेला कागदी सूट घालून! बूट अगदी मापात! म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी पोचलं."

पहिल्यांदाच?! मग माझ्या बंगल्यांत राहतंय कोण? कुणी ऐरागैरा माझ्या फ्रीजमधलं गार पाणी ढोसत पाय पसरून बसलाय?

तेवढ्यानं भागलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "देव्हाऱ्यातलं त्यांचं धुपाचं भांडं बेनीबरोबर जाऊ दे. तिकडेच बरे राहतील ते." अहो, ते भांडं! ताप असो, बाळंतपण असो, मी कधी गार पडू दिलं नाही ते! मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी तोंड उघडतील. उघडलं. म्हणाले, "जड आहे, टॉवेलात गुंडाळ." फितूर!

गुंडाळलं. रडत रडत गुंडाळलं, पण राख सांडू दिली नाही. आणि भावजी निघाले तेव्हा दारात गाठून एक कोरं पुडकं पुढे केलं. म्हटलं, "माझ्या नावानं अमॉय लिहून ठेवा, मी गेल्यावर उपयोगी पडेल." काय करणार? आमची सून माझ्याहून गुणी, सगळं आपल्याच अक्षरांत लिहिते... म्हणजे मी वर बसायचं हात हलवत!