रोज सोडलेली सिगारेट

नाही, पण मला एक सांगा, एकदा सोडलेली सिगारेट माणसानं परत परत किती वेळा सोडायची? काही धरबंध? तुमच्यातल्या कोणी सोडली असेल, कोणाच्या नवऱ्यानं सोडली असेल, चार दिवस चिडचिड होते, आठ दिवस भांड्यांची आदळआपट होते, महिन्याभरात माणूस ताळ्यावर येतो आणि मग जन्मभर चारचौघांत सांगत फिरतो, मी सोडली बरं का. संपलं. आमच्याकडे ते संपतच नाही ना. तुम्हाला सांगते, जगातली माणसं सिगारेट एकदा सोडतात, आमचे हे रोज सोडतात.

हसा, हसा. मीही हसते, पण दुपारनंतर. सकाळी मला सवड नसते.

होतं काय, सकाळी उठतात, चहा पितात, कप खाली ठेवतात आणि उजवा हात आपोआप जातो सदऱ्याच्या खिशाकडे. खिसा रिकामा. मग दुसरा खिसा. मग उशीखाली, मग रेडिओच्या मागे, आणि मग मी. "अगं, माझं सिगारेटचं पाकीट कुठं ठेवलंस?" मी म्हणते, "तुम्ही सोडलीत." "कोणी?" "तुम्ही." "मी? कधी?" "अकरा वर्षं झाली." मग हे माझ्याकडे असे बघतात, जणू मी शेजारणीच्या नवऱ्याबद्दल बोलतेय. म्हणतात, "शक्यच नाही. मी सोडली असती तर मला कळलं नसतं?"

आता ह्यावर बोला.

आणि पुढची गंमत ऐका. ज्याला आत्ता, ह्या मिनिटाला कळलं की आपण सिगारेट सोडली, त्याचा तो पहिला दिवस असतो की नाही? शरीराला झाली असतील अकरा वर्षं, मनाला पहिलाच दिवस. आणि पहिल्या दिवशी जे जे म्हणून होतं ते सगळं साग्रसंगीत होतं... खुर्ची टोचते, पंखा आवाज करतो, पेपर शिळा वाटतो, मी चालले तर धडाधड चालतेस, हळू चालले तर मांजरासारखी काय फिरतेस, आणि शेवटी, "ह्या घरात मी कोणाला नकोच झालोय." हे जेवणापर्यंत. जेवून जरा डोळा लागतो, उठतात, चहा पितात, कप खाली ठेवतात आणि ये रे माझ्या मागल्या. म्हणजे कधी कधी दिवसातून दोनदा सोडतात. एवढा निग्रह तुम्ही कुठल्या माणसात पाहिलाय का?

मूळचा माणूस असा नव्हता हो. ह्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मागच्या बाजूला काच घासायचं चाक, पुढे काउंटर, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये धूर. गिऱ्हाईक आलं की आधी दिसायचं नाही म्हणून चष्मा करायला यायचं आणि आत आल्यावर धुरानं दिसायचं नाही. मी काउंटरला बसायचे, पावत्या फाडायला. आणि ह्यांचा सगळा हिशोब सिगारेटीत. एक काच घासायला दोन सिगारेटी. बसस्टॉप एका सिगारेटीवर. माझं माहेर जवळजवळ सबंध पाकीटभर लांब. घरात घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांसाठी. आमची लेक झाली तेव्हा सगळे नातेवाईक विचारताहेत, फार त्रास झाला का, वेळ किती लागला, तर हे अगदी गंभीरपणे सांगतात, "नाही, नऊ सिगारेटीत झालं." मी मेले आत कळा देत होते आणि हा माणूस बाहेर माझं बाळंतपण मोजत होता.

सगळे सांगून थकले, सोडा. मोठे सांगून थकले, डॉक्टर सांगून थकला, पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग एके वर्षी मला खोकला लागला. जाईचना. फोटो काढला छातीचा, डॉक्टर मला म्हणाला, "तुम्ही किती ओढता?" मी म्हटलं, अहो, मी आयुष्यात काडीसुद्धा लावली नाही. डॉक्टरनं ह्यांच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो, खाली कचऱ्याचा डबा होता, ह्यांनी पाकीट त्यात टाकलं, वर काडेपेटी टाकली, मला म्हणाले, "तुझ्यासाठी सोडली. आता हा विषय नको," आणि घरी आलो. बस. त्यानंतर एक नाही. चिडचिड केली, दाराच्या कड्या आपटल्या, पण एक नाही. माझा खोकला गेला. तेव्हा एकदाच सोडली होती त्यांनी. आताची गोष्ट वेगळी, आता रोज सोडतात.

हे विसरणं गेल्या दोन वर्षांतलं. आधी किल्ल्या गेल्या. मग दुकानाचा रस्ता गेला, ज्या रस्त्यानं आयुष्य काढलं तो रस्ता, चौकात उभे राहून विचारत होते, इकडे चष्मेवाला कुठं बसतो. दुकान बंद केलं. मग स्वतःच्या बहिणीचं नाव गेलं. एकेक गळत चाललंय. खरं सांगू, मला भीती वाटते. ह्या रांगेत मीही कुठंतरी उभीच आहे की. रोज सकाळी "अगं" अशी हाक आली की माझा जीव भांड्यात पडतो, मग पुढे ते माझ्यावर खेकसणार असले तरी.

तर लेक आम्हाला घेऊन गेली मेंदूच्या डॉक्टरकडे. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाला, "काका, तीन शब्द लक्षात ठेवा. खुर्ची, नदी, चावी." मग इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "हं काका, मघाचे तीन शब्द सांगा बघू." हे म्हणाले, "तुम्हीच सांगितले होतेत ना? मग तुम्हाला कसे आठवत नाहीत?" डॉक्टरनं कागद पुढे केला, घड्याळ काढा म्हणाला. ह्यांनी गोल काढला. असा गोल, तुम्हाला सांगते, वाटी ठेवून कोणाला काढता येणार नाही. डॉक्टर बघत राहिला. म्हणाला, "आता आकडे घाला." तर हे म्हणतात, "काच तयार आहे. नंबर तुम्ही सांगायचा असतो." लेक रडायला लागली आणि मला हसू आलं. वाईट दिसतं, पण आलं.

मग डॉक्टरनं समजावलं. म्हणाला, एवढी वर्षं धूर घेतला की मेंदूतल्या बारीक बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, म्हातारपणी ते असं बाहेर येतं. इतरही कारणं असतील, पण हे मोठं. मी म्हटलं, अहो पण त्यांनी तर सोडली होती. तो म्हणाला, "सोडली म्हणून तर मधली वर्षं बरी गेली, काकू. नाहीतर हे बहुतेक आधीच सुरू झालं असतं." म्हणजे बघा, ह्या माणसानं माझ्या खोकल्यापायी सिगारेट सोडली आणि स्वतःसाठी शहाणपणाची वर्षं कमावली, आणि आता तेवढंच नेमकं विसरला.

ह्यावर आमचे थोरले दीर काय म्हणतात? भाऊजी ऐंशीच्या पुढचे, अजून ओढतात, रोज पेपरातलं शब्दकोडं पेननं सोडवतात, पेन्सिलनं नाही. आमच्या दारात उभे राहून धूर सोडत मला सांगतात, "माझ्याकडे बघ. ओढतो म्हणून डोकं चालतं. ह्यानं सोडली आणि डोकं गंजलं." समोरचा सलूनवाला लगेच मान डोलावतो, तो ओढतच असतो. प्रत्येक गल्लीत असा एक म्हातारा असतोच हो, शंभर वर्षांचा, विडी ओढणारा, ठणठणीत, आणि गल्लीतले सगळे ओढणारे त्याचाच दाखला देतात. बाकीचे जे ओढून ओढून गेले, ते बिचारे साक्षीला येत नाहीत ना. आणि ह्या सगळ्यांची दया बघा. "काकू, द्या की एखादी, ह्या वयात आता काय बिघडायचंय?" ज्यांचं बिघडायचंय त्यांना विचारा. भाऊजी दहा मिनिटं धूर सोडून घरी जातात, आणि इकडे ह्यांच्या नाकात वास गेलेला असतो. मग आहेच. पुन्हा सोडायची.

शेवटी माझ्या नाकी नऊ आले. एके दिवशी सकाळी हात खिशाकडे गेला, "अगं, पाकीट कुठंय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच तर ओढलीत."

"हो का?" म्हणाले. "हो, चहाबरोबर." "असं? मग असू दे." आणि पेपर उघडून बसले. खुर्ची टोचली नाही, पंखा वाजला नाही. मला वाटलं, एवढं सोपं होतं आणि मी इतके दिवस डोकं फोडून घेत होते? मग काय, धडाकाच लावला. सकाळी, "आत्ताच ओढलीत." दुपारी, "झाली की जेवल्यावर." तृप्त व्हायचे हो. एकदा तर म्हणाले, "आज जरा कडक होती." मी म्हटलं, हो, नवीन पाकिटातली. एकदा म्हणाले, "आजकाल पूर्वीसारखी चव राहिली नाही." मी म्हटलं, महागाई. दीड महिना घरात कसं तळ्यासारखं शांत. मी शेजारणीला सांगितलं, नवरा कसा सांभाळावा ते माझ्याकडून शिक.

मग तपासणीची तारीख आली. डॉक्टरनं सवयीनं विचारलं, "सिगारेट वगैरे नाही ना, काका?" हे म्हणाले, "चालू आहे."

डॉक्टरनं पेन उचललं. "किती?" "दहा-बारा होतात. हीच देते."

लेकीनं माझ्याकडे अशी मान वळवली... "आई?" म्हणाली. मी म्हटलं, अगं ऐक तरी. ऐकतेय कसली, तिनं माझी पर्स उघडून बघितली. पोटची पोर, डॉक्टरसमोर आईची झडती घेते. रुमाल निघाला, खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, सगळं सांगितलं तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. डॉक्टर हसला. म्हणाला, "युक्ती छान आहे, काकू." मला जरा बरं वाटलं.

बाहेर बाकावर बसलो, लेक औषधं आणायला गेलेली. ह्यांनी माझा हात हातात घेतला. तुम्हाला सांगते, त्यांनी असा हात घेतल्याला किती वर्षं झाली होती... म्हणाले, "तुला तेव्हा खोकला झाला होता ना गं? मी सोडतो म्हणालो होतो." मी म्हटलं, हो. तर म्हणतात, "नाही जमलं बघ मला. तू मला माफ कर."

आता सांगा मला. शब्द दिलेला आठवत होता, पाळलेला आठवत नव्हता. आणि तो मी पुसला होता. स्वतःच्या तोंडानं, रोज, चहाबरोबर. ह्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मोठं केलं नाही हो, दुकान साधंच चाललं, घर साधंच बांधलं, ही एकच गोष्ट छाती पुढे काढून सांगावी अशी, तीही मी काढून घेतली, कशासाठी, तर मला सकाळी दोन घटका शांतता मिळावी म्हणून. मला रडू आलं. म्हटलं, "अहो, सोडलीत तुम्ही. कितीतरी वर्षं झाली." तर म्हणाले, "उगाच माझं मन राखू नकोस." म्हणजे खोटं पटकन पटलं, आणि खरं पटेना.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खरं बोलायला लागले. पुन्हा खुर्ची टोचते, पंखा वाजतो. मी म्हणते वाजू दे. कधी कधी, दहातनं एखाद्या वेळी, रागाआधी चेहरा उजळतो, "मी? खरंच सोडली? एका झटक्यात?" मी म्हणते, एका झटक्यात. तेवढं एक मिनिट मिळतं. मग आहेच, धडाधड चालतेस. करणार काय, लोकांचे नवरे एकदा सोडतात, माझा रोज सोडतो, आणि रोज त्याला शाबासकी द्यायला घरात मी एकटीच.

हे झालं मागच्या वर्षीचं. काल सकाळचं सांगते आणि तुम्हाला मोकळं करते.

काल चहा झाला, कप खाली ठेवला, हात खिशाकडे गेला. मी तयारच होते. पण "अगं" आलं नाही. नुसतंच म्हणाले, "सिगारेटी दिसत नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही सोडलीत." "असं? का बरं?" "माझ्या छातीला धूर सोसत नव्हता. माझ्यासाठी सोडलीत."

मला नीट निरखून बघितलं. मी आपली वाट बघतेय, आता पंखा निघेल, आता खुर्ची निघेल. काही नाही. उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, गिऱ्हाईक आलं की लावायचे तसं, आणि स्वतःची खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "बसा ना, उभ्या का?" म्हणाले. मी बसले. मग अगदी हळू, अदबीनं विचारतात, "एवढी जुनी सवय माणूस कोणासाठी सोडतो, म्हणजे बाई, तुमची आमची चांगलीच ओळख असणार?"

मी म्हटलं, "हो. आहे थोडीफार."